दहा बाय पंधराच्या बाहेरचे घर

तुमचे घर केवढे, असे कुणी विचारले की आपण चटकन उत्तर देतो. दहा बाय पंधरा. कुणाचे दहा बाय बारा, वर पोटमाळा. पुनर्वसनाच्या इमारतीत आधी गेलेले सांगतात, सव्वादोनशे फूट. त्यांच्यानंतर गेलेले सांगतात, दोनशे एकोणसत्तर. अलीकडे ज्यांचे करार होत आहेत ते सांगतात, तीनशे. आकडा सगळ्यांना तोंडपाठ. पण दहा बाय पंधराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात तरी कशी, हे कोडे ज्याला पडते त्याने संध्याकाळी पाचच्या सुमाराला घाटकोपर, भांडुप किंवा मुलुंडकडच्या अजून उभ्या असलेल्या एखाद्या वस्तीत फेरी मारावी. माणसे घरात राहतच नाहीत! घरात राहतात भांडी, अंथरुणे, पत्र्याची पेटी, टीव्ही आणि भिंतीवरच्या तसबिरी. माणसे राहतात उंबऱ्यावर, ओट्यावर, गल्लीत, नळाजवळ, विहाराच्या पायरीवर. आपले खरे घर त्या आकड्याच्या बाहेर पसरलेले असते. करारात मात्र त्याचा एक फूटसुद्धा धरलेला नसतो.

पहाटे पाणी येते तेव्हा गल्लीचा दिवस सुरू होतो. पिंप, हंडे, कळश्या, पाइपांचा गुंता आणि त्या पाइपांवरून दिवसातले पहिले भांडण. पण त्याच रांगेत कुणाच्या मुलाचा ताप उतरला नाही हे कळते, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत ते कळते आणि कुठल्या सोसायटीत धुण्याभांड्याला बाई पाहिजे तेही कळते. आपल्या किती माय-बहिणींना नळाच्या रांगेत काम मिळाले, याची नोंद कुठल्याही रोजगार कार्यालयात सापडणार नाही. अकरा-साडेअकराला पुरुष कामावर आणि मुले शाळेत गेली की गल्ली बायकांची होते. कुणी तांदूळ निवडते, कुणी मेथी खुडते, कुणी कारखान्यातून आणलेल्या दागिन्यांत खडे बसवते. म्हाताऱ्या मशेरी लावत भिंतीला टेकून बसतात आणि बसल्या जागेवरून दहा घरांची पोरे सांभाळतात. या पाळणाघराला फी नाही. शाळा सुटली की गल्लीची मालकी मुलांकडे जाते, दिवे लागले की कॅरमवाल्यांकडे, आणि रात्री जेवणे झाली की दहावी-बारावीच्या मुलांकडे. आपल्या समाजातले कितीतरी वकील, शिक्षक, बँकेतले अधिकारी नगरपालिकेच्या दिव्याखाली घडले, हे काही नव्याने सांगायला नको.

साखरपुडा, हळद, लग्नाचा मांडव गल्लीतच. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन, विहार लहान असेल तर ताडपत्री बांधून गल्लीतच. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नावच 'चिरागनगरची भुतं' आहे. झोपडीतला लेखक माणसे पाहायला लांब जात नव्हता, ती त्याच्या दारावरून जात-येत होती.

कोपनहेगनच्या माणसाला काय दिसले

ही गोष्ट जगातल्या शिकल्या-सवरल्या माणसांना जरा उशिराच उमगली. यान गेल नावाचे एक डॅनिश वास्तुशास्त्रज्ञ आहेत. त्यांची पत्नी इन्ग्रिड मानसशास्त्रज्ञ. लग्नानंतर तिच्या मंडळींनी त्यांना एक साधा प्रश्न विचारला: तुम्ही इमारती बांधणारे लोक माणसांचा विचार का करत नाही? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. कोपनहेगनमधला स्ट्रोयट हा मोठा बाजाररस्ता १९६२ साली मोटारींना बंद झाला होता. गेल तिथे वही घेऊन बसत आणि कोण उभे राहते, कोण बसते, किती वेळ, कुठे, याची मोजदाद करत. १९७१ साली त्यांचे पुस्तक आले. डॅनिश भाषेतल्या नावाचा अर्थ 'घरांच्या मधले जीवन'. इमारती राहू द्या, इमारतींच्या मधोमध काय चालते ते बघा, एवढेच त्यांचे म्हणणे.

ते म्हणतात, माणूस घराबाहेर तीन कारणांनी असतो. काही कामे करावीच लागतात: कामावर जाणे, शाळेत जाणे, सामान आणणे. काही गोष्टी मनाला वाटले तर करतो: उन्हात बसणे, फेरी मारणे. आणि तिसरा प्रकार म्हणजे माणसामाणसांची गाठभेट. ती वेगळी ठरवून होत नाही. पहिल्या दोन कारणांनी माणसे बाहेर आली की तिसरे आपोआप घडते. जागा चांगली असेल तर माणसे जास्त वेळ रेंगाळतात, जागा वाईट असेल तर काम उरकून आत पळतात.

आता हे आपल्या वस्तीला लावून बघा. कोपनहेगनमधला माणूस मन रमवायला बाहेर येतो. आपल्याकडची बाई पाणी भरायला, भांडी घासायला, कपडे वाळत घालायला, शौचालयाला जायला बाहेर येते. तिला बाहेर यावेच लागते, म्हणून गाठभेटी होतात. इमारतीत गेल्यावर नळ घरात येतो, संडास घरात येतो. ही मोठी गोष्ट आहे. तिची किंमत रात्री-अपरात्री डबा घेऊन अंधारात गेलेल्या बाईला विचारावी, ती कमी लेखण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण त्याबरोबर बाहेर येण्याचे कारणही संपते. सकाळी दार लावून जी आत राहते ती दुसऱ्या दिवशीच दिसते. सहाव्या मजल्यावरची म्हातारी लिफ्ट बंद पडली की महिना-महिना खाली उतरत नाही. गल्लीत जे सक्तीने घडत होते ते इमारतीत आपखुशीने घडावे लागते, आणि त्यासाठी खालची जागा तशी असावी लागते. ऊन, सावली, टेकायला ओटा, पोर नजरेसमोर राहील एवढा मोकळा तुकडा. ते नसेल तर इमारतीत शेजारी असतात, शेजार नसतो.

गल्लीचे फार गोडवे नकोत

गल्लीचे फोटो काढून शहरात प्रदर्शने भरवणारे लोक असतात. त्यांना पावसाळ्यात त्याच गल्लीत एक रात्र काढायला सांगावे. गटाराचे पाणी चुलीपर्यंत येते, उंदीर, डास, आणि एखाद्या घराला आग लागली तर बंब महामार्गावर उभा राहतो आणि माणसे बादल्यांनी पाणी मारतात. वस्ती सुटावी, पक्के घर मिळावे ही इच्छा रास्त आहे.

आणखी एक गोष्ट आपली आपणच बोललेली बरी. गल्ली सगळ्यांची म्हणतो, पण सगळ्यांना ती सारखी मिळत नाही. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की ओट्यावरून आवाज येतो, "आत ये". तिचा भाऊ रात्री अकरापर्यंत नाक्यावर असतो. बायका गल्लीत बसतात खऱ्या, पण हातात काहीतरी काम असेल तरच. सूप, लसूण, सुईदोरा, काही ना काही हवे. पुरुष रिकाम्या हातांनी तास-दोन तास नाक्यावर उभा राहिला तर कुणी काही म्हणत नाही. बाई तशी बसली तर ती रिकामटेकडी. गल्लीच्या डोळ्यांनी पोरे सांभाळली जातात हे खरे, आणि त्याच डोळ्यांनी पोरींची पावलेही मोजली जातात. नवीन इमारतीत गेल्यावर ही वागणूक आपोआप सुटत नाही. उलट खालची जागा मोटारसायकली आणि मंडळाच्या टेबल-खुर्च्यांनी भरली की मुलींच्या वाट्याला उरतो तो जिना.

जागा सार्वजनिक म्हणजे कुणाची?

आपल्या समाजाला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नाही. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले. कागदावर. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्यानंतरही दावा चालला. तळ्यावर स्पृश्यांचीच वहिवाट आहे, असे म्हणणारे लोक कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली त्यांचे म्हणणे फेटाळले. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ कागदावर लिहिला म्हणजे मिळाला असे होत नाही, हे आपल्या मागच्या पिढ्यांनी पुरते ओळखले होते.

शहरात आल्यावर आपल्या वस्त्यांनी पहिली सार्वजनिक जागा कुठली तयार केली? बहुतेक ठिकाणी वस्तीच्या तोंडाशी एक पुतळा, त्याच्यासमोर दहा-वीस फुटांची फरशी, एक झेंडा, एक फळा. सकाळी कामावर जाताना हात जोडायची जागा, संध्याकाळी पेपर वाचायची जागा, १४ एप्रिलला नाचायची आणि ६ डिसेंबरला एकत्र निघायची जागा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातही पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून अशीच जागा होती. ११ जुलै १९९७ च्या सकाळी तिथल्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक घरांतून, गल्ल्यांतून त्या तोंडाशी जमले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसे मेली, अनेक जखमी झाली. गोळ्या गल्ल्यांतही शिरल्या, आपल्या दाराजवळ असलेली माणसेही त्यात सापडली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत स्वतःला संपवले. गुंडेवार आयोग बसला. तुकडीच्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती २००९ साली, बारा वर्षांनी. आनंद पटवर्धन यांच्या २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड' या चित्रपटात ही सगळी हकीकत आहे.

तिची आठवण इथे काढण्याचे कारण असे. त्या दिवशी जी जागा रक्ताने माखली ती कुठल्याही नकाशात मैदान किंवा चौक म्हणून दाखवलेली नव्हती. घरे आणि रस्ता यांच्यामधला तो एक तुकडा होता. लोकांनी वापरून वापरून त्याचा चौक केला होता. आजही दर ११ जुलैला लोक तिथे जमतात.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

आता थोडे हिशेबाचे बोलू. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळींत माणसे पटापट मेली. १८९८ साली सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. ट्रस्टने गरिबांची घरे पाडली जास्त आणि बांधली कमी, ही तक्रार तेव्हाही होती. पण त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक नियम लावून धरला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात रेघ वर काढली तर समोरची इमारत तिच्या आड येता कामा नये. सोप्या भाषेत, इमारतीची उंची जेवढी, निदान तिच्या निम्मी मोकळी जागा समोर हवी. सत्तर फूट उंची असेल तर पस्तीस फूट. तळमजल्यावरच्या पोरालाही आकाशाचा तुकडा दिसावा, एवढाच त्याचा अर्थ.

स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने उपनगरांत ज्या वसाहती उभारल्या, घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर आणि टागोर नगर, अंधेरीचे डी. एन. नगर, बोरिवलीची एमएचबी कॉलनी, त्यांच्या जुन्या इमारती तीन-चार मजली आणि त्यांच्यामध्ये झाडे, मैदाने, ओटे. घरे लहानच होती. पण त्या वसाहतींतली मुले क्रिकेट, कबड्डी कुठे शिकली, नाटके कुठे बसवली, ते त्यांनाच विचारा. आज तिथे पुनर्विकासाचे टॉवर उभे राहत आहेत आणि ती मैदाने बोळ होत चालली आहेत.

झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ च्या अखेरीस आली. घर फुकट द्यायचे आणि बिल्डरने विक्रीच्या इमारतीतून पैसा काढायचा. म्हणजे एकाच जमिनीवर दोन वस्त्या. आपल्याला दिलेला भाग जितका आखडता तितका विक्रीचा भाग ऐसपैस. नियमानेच हेक्टरी किमान ५०० घरे बसवायला सांगितले. मोठ्या साध्या ले-आउटमध्ये भूखंडाच्या आकारानुसार १५ ते २५ टक्के जागा खेळायला-बसायला मोकळी सोडावी लागते. पुनर्वसन योजनेत ती कमी करायची मुभा आहे, मात्र जमिनीच्या पातळीवर निदान ८ टक्के तरी ठेवलीच पाहिजे असे म्हटले आहे. श्रीमंतांच्या मुलांना पंचवीस आणि आपल्या मुलांना आठ, हे गणित कुणी कुठल्या सभेत मांडल्याचे ऐकिवात नाही.

याचे फळ काय झाले ते गोवंडीला जाऊन बघा. नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दकडचे लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हलवलेली कुटुंबे राहतात. इमारती सात-आठ मजली आणि दोन इमारतींमध्ये अंतर सुमारे तीन मीटर. म्हणजे साधारण दहा फूट. ट्रस्टच्या नियमाने पस्तीस फूट हवे होते. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने २०१८ साली केलेल्या अभ्यासात आढळले की जिथे उजेड आणि वारा कमी, त्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण जास्त. प्लेगने जे शिकवले ते शंभर वर्षांनी टीबीने पुन्हा शिकवले, आणि दोन्ही वेळा फी गरिबांनीच भरली.

त्या दहा फुटांचे पुढे काय होते? तिथे ऊन येत नाही म्हणून कुणी बसत नाही. कुणी बसत नाही म्हणून ती कुणाचीच जागा नाही. कुणाचीच नाही म्हणून वरच्या खिडकीतून पिशवी खाली येते. एक आली की दुसरी येते. आपली माणसे मुळात घाणेरडी नाहीत. हीच बाई वस्तीत असताना रोज सकाळी आपल्या दारापुढची चार फूट जागा झाडून सडा मारत होती, कारण तिथे तिला दिवसभर बसायचे होते. नटवर पारेखमध्ये 'कम्युनिटी डिझाइन एजन्सी' या संस्थेने रहिवाशांना बरोबर घेऊन असे बोळ साफ केले, भिंती रंगवल्या, मुलांसाठी 'किताब महल' नावाचे वाचनालय सुरू केले. चांगले काम आहे. पण रंगाने दहा फुटांचे पस्तीस होत नाहीत, आणि भिंत एकदा उभी राहिली की ती मागे सरकवता येत नाही.

रमाबाई नगरात आता

म्हणून हा विषय आज काढला. रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगर यांचे पुनर्वसन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. पूर्व मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत न्यायचा आहे, त्याच्या वाटेत ही वस्ती येते. चौदा हजारांहून अधिक घरांचा प्रश्न आहे. घरे रिकामी करून पाडण्याचे काम सुरू झाले आहे. कुठल्याही कट्ट्यावर बसा, चर्चा दोनच: परिशिष्ट-२ मध्ये नाव आले का आणि भाड्याचा चेक मिळाला का. त्यात चूक काहीच नाही. नाव नसेल तर सगळेच संपले. पण ज्यांचे नाव आले आहे त्यांनी तरी पुढचा कागद मागावा. त्या कागदाला ले-आउट म्हणतात.

ले-आउट बघायला इंजिनिअर लागत नाही. त्यात चौकोन म्हणजे इमारती, आणि चौकोनांच्या मधली पांढरी जागा म्हणजे आपले बाहेरचे घर. पांढऱ्या जागेत अंतर आकड्यात लिहिलेले असते. तो आकडा वाचायचा. आजच्या पुनर्वसनाच्या इमारती वीस-बावीस मजली होतात. उंच इमारतीभोवती आगीचा बंब फिरेल एवढा रस्ता ठेवावाच लागतो, आणि तोच रस्ता मोकळी जागा म्हणून दाखवला जातो. काही दिवसांत तिथे रिक्षा, टेम्पो आणि मोटारसायकली उभ्या राहतात. तेव्हा विचारायचे, रस्ता सोडून मोकळी जागा किती? ती जमिनीवर आहे की पोडियमवर? नियमाप्रमाणे सोडायची मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले आहे. आपल्या इमारतींच्या आणि विक्रीच्या इमारतींच्या मध्ये भिंत येणार का? आली तर बाग कुठल्या बाजूला? बालवाडी आणि समाजकल्याण केंद्राच्या खोल्या नियमाने मिळतात, त्या उघड्या जागेला लागून आहेत की कुठल्या तरी मजल्यावर कोपऱ्यात? ले-आउटची प्रत कुणी दाखवत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज पुरतो.

आणखी काही प्रश्न असे आहेत की ते कुठल्याही नियमावलीत सापडणार नाहीत. लग्नाचा मांडव कुठे पडेल? वर्षावासाला शंभर माणसे कुठे बसतील? पापड, मिरच्या, गोधड्या उन्हात कुठे घालायच्या? आणि मयत झाली तर? बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही. खुर्चीत बसवून किंवा चादरीत धरून जिन्याने खाली आणावा लागतो. खाली आणल्यावर ठेवायचा कुठे, भंतेजी वंदना कुठे घेणार, दोनशे माणसे उभी कुठे राहणार? पार्किंगमध्ये दोन टेम्पोंच्या मध्ये आपल्या माणसाचा शेवटचा निरोप घेतलेली कुटुंबे उपनगरांत थोडी नाहीत.

पुतळ्याची आणि शहीद स्मारकाची जागा कुणी विसरणार नाही. त्यासाठी सगळे पक्ष, सगळे गट धावून येतील, आणि यावेच. ओट्यासाठी मात्र कुणी येणार नाही. सभेत बोलणारे पुरुष नाक्याचे असतात. त्यांना चौक आठवतो, झेंडा आठवतो, व्यायामशाळा आठवते. भिंतीला टेकून दहा घरांची पोरे सांभाळणारी म्हातारी सभेला येत नाही आणि तिची जागा नकाशात काढायची राहून जाते.

एक साधा प्रयोग सुचवतो. ज्यांची वस्ती अजून उभी आहे, त्यांनी एक खडू आणि शिंप्याचा टेप घ्यावा. विहारापुढची किंवा नळाजवळची जरा रुंद जागा निवडावी. ले-आउटमध्ये दोन इमारतींमध्ये जेवढे अंतर लिहिले असेल तेवढ्या अंतरावर खडूच्या दोन रेघा माराव्यात. मग गल्लीतल्या बायकांनी, मुलींनी त्या दोन रेघांच्या मध्ये रोजच्यासारखे बसावे, मुलांनी खेळावे, कुणी कॅरम मांडावा, कुणी सायकल काढून बघावी. दोन्ही रेघांवर वीस मजली भिंती उभ्या आहेत असे समजून ऊन कुठून येईल तेही बघावे. जे मावले नाही ते वहीत लिहावे आणि ती वही घेऊन सोसायटीच्या सभेला जावे. फक्त सभेची वेळ तेवढी रात्री नवाची ठेवू नये. त्या वेळी बायका चुलीपाशी असतात. दुपारी तीनला ठेवावी, गल्लीतच.